खेकड्यांचा पत्रव्यवहार

सुशीलाबाई तुळपुळ्यांच्या संसारात सवत नव्हती, पण करीम सारंग होता. त्याला त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदाच पाहिलं होतं. दाराशी उभं राहून त्याने चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि जाताना "येतो वहिनी" म्हणाला. दिसायला काळासावळा, काटक, विशीतला पोरगा. त्यानंतर तो थेट अंदमानात गेला आणि तिथून पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं त्याने सुशीलाबाईंना सुखाने बसू दिलं नाही.

झालं होतं ते असं. त्यांचे यजमान रंगनाथराव प्राणिशास्त्रज्ञ. लग्नाआधी ते एका संशोधनाच्या जहाजावर दीड वर्ष होते. हिंदी महासागरात जाळी टाकायची, वर येईल ते तपासायचं, बरणीत भरायचं, असं ते काम. करीम मूळचा दाभोळचा, जहाजावर खलाशी. रंगनाथरावांच्या हाताखाली मदतीला तो दिलेला होता, आणि दोघांची झोपायची फळी एकावर एक होती. सुरुवातीला रंगनाथरावांना जहाज इतकं लागलं की त्यांनी अंथरूण धरलं. तेव्हा या करीमने त्यांना चमच्याने पेज भरवली, घाण काढली आणि त्यांच्या वाटणीच्या बरण्यांवर चिठ्ठ्याही चिकटवल्या. एवढी हकिगत सुशीलाबाईंना ठाऊक होती, कारण लग्नानंतर ती त्यांना बऱ्याचदा ऐकायला मिळाली. त्यापलीकडचं काहीच कधी मिळालं नाही.

जहाजावरून उतरल्यावर रंगनाथरावांनी करीमला वर्षभर पुण्यात आपल्या कचेरीत चिकटवून घेतलं. तेवढ्यात त्याचं खडकीतल्या एका मुलीशी लग्नही झालं. मग पोर्ट ब्लेअरला मासेमारी खात्याच्या बोटीवर कायमची नोकरी मिळाली आणि तो बायकोला घेऊन निघाला. निघाला तो नेमका दिवाळीत. सुशीलाबाईंचा तो दिवाळसण. साताऱ्याला त्यांच्या वडिलांनी जावयासाठी अंगठी करून ठेवली होती, आईने अनारशांचं पीठ आठ दिवस आधी भिजवलं होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी तार आली. करीमला जहाजावर बसवून द्यायला मद्रासला जातो आहे, नंतर येतो. पाडव्याला सुशीलाबाईंनी ओवाळायचं तबक फळीवर परत ठेवून दिलं. वडिलांनी तार दोनदा वाचली आणि अंगठी पेटीत ठेवून दिली. त्या दिवशी छातीत जे काही पेटलं, ते पुढे विझलं म्हणून नाही.

पोर्ट ब्लेअरहून पत्रं येऊ लागली. जाडजूड पाकिटं. पाकीट आलं की रंगनाथराव खुर्ची खिडकीशी ओढून घेत आणि तासभर त्यांना हाक मारून उपयोग नसे. वाचताना मध्येच हसत. घरात हा माणूस तारेतल्यासारखं बोलायचा, शब्दागणिक पैसे पडत असल्यासारखं. जेवायला वाढू का, तर "हं". भाजी कशी झालीय, तर "बरी". आणि रविवारी सकाळी टेबलाशी बसला की करीमला सात-आठ पानं. सुशीलाबाई बाळंतपणाला साताऱ्याला गेल्या तेव्हा पाच महिन्यांत त्यांना नवऱ्याची दोन कार्डं आली. त्यातल्या एकात बँकेचं पुस्तक कुठे ठेवलंस एवढंच विचारलेलं होतं.

ती पत्रं कपाटातच असत, कपाटाला कुलूपही नसे. पण सुशीलाबाई पोस्टमास्तरांची मुलगी. दुसऱ्याच्या पत्राला हात लावायचा नाही हे त्यांच्या घरात इतकं मुरलेलं होतं की नवऱ्याचं झालं तरी पाकीट उघडावं असं त्यांच्या मनात येत नसे. न वाचल्यामुळे तर ते आणखी वाईट झालं. त्या पानांमध्ये काय काय असेल याची त्यांनी मनाशी जी रचना केली, ती कुठल्याही पत्रापेक्षा मोठी होती. सासूबाईंच्या आजारपणात आपल्यावर जे बोलणं आलं ते यांनी करीमला लिहिलं असेल. बढती चुकली तेव्हा यांना काय वाटलं, तेही त्याला ठाऊक असेल. आपण बायको म्हणून कशा आहोत हेसुद्धा समुद्रापार बसून तो माणूस जाणत असेल. आणि आपल्याला मात्र हे जेवताना "बरी" म्हणणार.

पत्रांबरोबर वर्षाला दोन-तीन पार्सलंही येत. पत्र्याच्या डब्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस, कापसात खेकडे. शंखात राहणारे खेकडे हा रंगनाथरावांचा अभ्यासाचा विषय. करीम बोटीवरून जिथे जाई तिथून ते गोळा करून पाठवी. तुळपुळ्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे, आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून खेकडे मांडले जात. सुशीलाबाई नंतर टेबल चिंचेने घासत. रंगनाथरावांचा खेकड्यांवरचा ग्रंथ छापून आला तेव्हा पहिल्या पानावर करीमचे आभार होते. सुशीलाबाईंचे नव्हते. एका शेजाऱ्याने ते काढून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. मी एकही खेकडा दिला नाही."

वर्षं गेली. कोथरूडला घेतलेल्या फ्लॅटभोवती शेतं होती, तिथे इमारती झाल्या. मुलगा दत्तप्रसाद सॉफ्टवेअरमध्ये शिरला आणि न्यू जर्सीला गेला. रंगनाथराव निवृत्त झाले. सुशीलाबाईंना वाटलं, आता तरी हा माणूस घरात सापडेल. थोडे दिवस सापडलाही. मग इमारतीच्या खाली सायबर कॅफे निघाला, आणि तिकडे पोर्ट ब्लेअरच्या ॲबर्डीन बाजारात करीमच्या मुलीला, आलिमाला, इंटरनेटच्या दुकानात नोकरी लागली. बापाच्या नावाने मेल आली की ती छापून घरी नेणार, आणि बाप सांगेल ते टाइप करून पाठवणार.

झालं. ज्या पत्राला पंधरा-वीस दिवस लागत ते पाच मिनिटांत जाऊ लागलं. रंगनाथराव चौसष्टाव्या वर्षी टायपिंग शिकले. दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत मराठी. कुकर लावायला हा माणूस पस्तीस वर्षांत शिकला नव्हता. संध्याकाळी सहा वाजले की ते धुतलेला शर्ट घालून खाली जात. दत्तप्रसादला मेल करायचीय असं सांगून जात, पण दत्तप्रसादने फोनवर सांगितलं की बाबांच्या मेलमध्ये दोन ओळी असतात, त्यातली एक हवामानाची. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कौतुकाने सांगितलं, "तुमचे मिस्टर तासतासभर लिहीत असतात हो. चेहरा कसा खुललेला असतो." सुशीलाबाई म्हणाल्या, "असणारच." आणि घरी येऊन त्यांनी त्या दिवशीची खीर न वाढताच फ्रीजमध्ये ठेवली.

दोन हजार तीनच्या जानेवारीत एका रात्री जेवताना रंगनाथरावांनी आपणहून तोंड उघडलं. करीमला ऐकू येईनासं झालंय, पुण्यात कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, यंत्र बसवायचं आहे. तो आणि त्याची बायको पुढच्या महिन्यात येतायत. पंधरा दिवस आपल्याकडे राहतील.

"मला विचारताय की कळवताय?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"कळवतोय," रंगनाथराव म्हणाले. त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरोखरच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

पाहुणे आले त्या दिवशी सुशीलाबाईंनी इस्त्रीची साडी नेसली आणि चेहराही तसाच केला. घरात मासळी शिजणार नाही हे त्यांनी आधीच बजावलं होतं. रंगनाथरावांना स्टेशनवर एकट्याने जायचं होतं, पण त्याही गेल्या. छत्तीस वर्षांनी हे दोघे भेटणार, तर ते आपल्या डोळ्यांदेखत भेटू देत, असं त्यांना वाटलं. दुखरी जागा माणूस पुन्हा पुन्हा दाबून बघतो, तसं.

प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांना ओळखलंच नाही. रंगनाथराव एका भलत्याच माणसाकडे हात पसरून निघाले होते. पिशवी घेतलेल्या एका ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाईने हाक मारली, "तुळपुळेसाहेब ना?" तिच्या मागे पांढऱ्या दाढीचा, किंचित वाकलेला करीम उभा होता. दोघांनी हात हातात घेतले. रंगनाथराव काहीतरी म्हणाले, ते करीमला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. करीमने मान डोलावली, पण ती अंदाजाने. मग घर येईपर्यंत रिक्षात कोणी बोललं नाही.

पहिल्या दोन दिवसांत सुशीलाबाईंनी जे पाहिलं त्याने त्या चक्रावल्या. दोघे गॅलरीत समोरासमोर बसायचे. रंगनाथराव ओरडून काही विचारायचे, करीम भलतंच उत्तर द्यायचा, मग दोघेही समोरच्या इमारतीकडे बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी रंगनाथराव आत गेले, कागद घेऊन आले, त्यावर चार ओळी लिहून त्यांनी करीमसमोर धरल्या. करीमने चष्मा लावला, वाचलं, आणि तो हसला. पेन मागून घेतलं आणि खाली आठ ओळी लिहिल्या. दुपारपर्यंत अर्धी वही संपली. हातभर अंतरावर बसून दोघांचा पत्रव्यवहार चालू झाला होता, आणि दोघांचे चेहरे वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या होत्या तसे खुलले होते.

सुशीलाबाई चहा घेऊन गेल्या. कप ठेवताना वाऱ्याने एक कागद त्यांच्या पायाशी आला. आयुष्यभर पाळलेला नियम मोडायचा विचार त्यांनी केला नाही, पण कागद उचलताना अक्षर दिसणारच. नवऱ्याचं अक्षर होतं. डाव्या नांगीवर केस होते का, नीट आठव. खाली करीमचं: होते, पण टोकाला नाही.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात आल्या. तिथे अख्तरबानू, म्हणजे करीमची बायको, मेथी निवडत बसली होती. आल्यापासून ती सांगितल्याशिवाय कशाला हात लावत नव्हती. पण मेथीची जुडी दिसल्यावर तिला राहवलं नसावं. सुशीलाबाई समोर बसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून अख्तरबानूने विचारलं, "भाभी, तुम्हाला मुलं किती?"

सुशीलाबाईंना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. भिंतीवर दत्तप्रसादचा कुटुंबासह फोटो होता, पण तो पुतण्या-भाच्याचाही असू शकतो, हे खरं. त्यांनी सांगितलं, एक मुलगा, अमेरिकेत असतो. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या यजमानांना माहीत नव्हतं?"

अख्तरबानू म्हणाली की निघायच्या आधी तिने मुद्दाम विचारलं होतं, मुलांसाठी काय न्यायचं म्हणून. तर करीम म्हणाला, साहेबांना मूल असेल असं वाटत नाही, कधी लिहिलं नाही.

"मग यांनी लिहिलं तरी काय इतकी वर्षं?"

"खेकडे," अख्तरबानू म्हणाली. "खेकडे, शंख, भरती-ओहोटी. आमचा मोठा मुलगा तापाने गेला, त्या महिन्यातसुद्धा यांनी तुमच्या साहेबांना पत्र टाकलं. त्याचा कच्चा खर्डा घरात राहिला होता, तो मी पुढे कधीतरी आलिमाकडून वाचून घेतला. त्यात मुलाचं नाव नव्हतं. नवा खेकडा मिळाला, त्याचा रंग लिहिला होता."

सुशीलाबाईंना काय वाटलं ते त्यांना स्वतःलाही नीट लावता आलं नाही. ज्या वाड्याभोवती त्या छत्तीस वर्षं जळत फिरल्या होत्या, त्यात कोणी राहतच नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्यांना जास्तच राग आला. निदान करीमला तरी यांनी सगळं दिलं असेल असं त्या धरून चालल्या होत्या. हा माणूस तर कोणालाच काही देत नव्हता.

त्या रात्री अंथरुणावर त्यांनी नवऱ्याला विचारलं, आपल्याला मुलगा झाला हे तुम्ही करीमला कधी कळवलं नाहीत? रंगनाथराव म्हणाले, त्याने विचारलं नाही. मग सुशीलाबाईंनी विचारायचं ते विचारलं.

"आणि मला? मला काय सांगितलंत आयुष्यात?"

"तुला काय सांगायचं?" रंगनाथराव म्हणाले. "तू होतीसच की इथे."

ते खरंच तसं मानत होते. सुशीलाबाईंनी कूस बदलली. हे वाक्य चांगलं की वाईट, ते पहाटेपर्यंत त्यांना ठरवता आलं नाही. शेवटी त्यांनी ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे पुरुष गेले आणि सुशीलाबाईंनी अख्तरबानूला विचारलं, तुम्हाला कुठे जायचंय का. अख्तरबानूला खडकीला जायचं होतं. भाऊ वारलेला, भाचे कुठे पांगलेले, भेटायला कोणी नव्हतं. नुसतं बघायचं होतं. तिचे वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, बालपण क्वार्टरमध्ये गेलेलं. एकोणीस वर्षांची असताना मद्रासच्या जहाजावर चढली, त्यानंतर बापाच्या मयतीलाही येता आलं नव्हतं.

दोघी रिक्षाने गेल्या. खडकी बाजारात उतरल्यावर अख्तरबानूची चाल बदलली. कोथरूडच्या घरात भिंतीला लागून चालणारी बाई इथे पुढे झाली आणि सुशीलाबाई मागे. बाजारामागचा वाटाणे-फुटाणे विकणारा दुकानदार अजून होता, म्हणजे त्याचा मुलगा. शाळा होती. क्वार्टरच्या रांगेत आपलं दार कुठलं हे मात्र तिला सांगता येईना. सगळ्यांना एकच रंग दिलेला होता. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि ती रस्त्यातच थांबली. या भोंग्याला आई भाकरी तव्यावर टाकायची, असं म्हणून तिने पदराने डोळे पुसले.

मग दोघी एका बेकरीच्या बाकावर बसल्या. सुशीलाबाई बाहेरचं खात नसत, त्यांनी खारी घेतली. अख्तरबानू सांगत होती की पोर्ट ब्लेअरला पाकीट आलं की ती आधी त्यावरचा पुण्याचा शिक्का बघायची. तिच्या माहेरच्या गावचं पत्र यायचं, आणि ते तिच्यासाठी नसायचं. करीमला ती म्हणायची, साहेबांना विचारा ना, खडकीला पूल झाला का, बाजार मोठा झाला का, आमच्या घरी कोण राहतं. करीम म्हणायचा, साहेब मोठे आहेत, असलं विचारू नये. आणि रात्री कंदिलाशी बसून त्यांना आठ पानं लिहायचा. बायकोशी बोलायला दिवसाकाठी आठ शब्द नव्हते त्याच्यापाशी.

"मी दोनदा पार्सल समुद्रात टाकलं," ती म्हणाली. "डब्यासकट. मांजराने नेलं म्हणून सांगितलं."

 सुशीलाबाईंना हसू आलं, आणि एकदा आलं ते आवरेना. बेकरीवाला वळून बघू लागला. हसता हसता त्यांच्या मनात टोचलं, ते असं की हे आपल्याला का सुचलं नाही. टेबल चिंचेने घासत बसलो. ही गोल चेहऱ्याची बाई त्या मद्रासच्या जहाजावर आपल्या दिवाळसणाच्या दिवशी चढली होती, तिच्याही वाटणीला तेच आलं, आणि तिने निदान डबा तरी फेकला. तिचा हेवा वाटला त्यांना, आणि तो वाटून बरंही वाटलं.

"एक खेकडा मिळायचा राहिला म्हणून यांचा ग्रंथ वर्षभर लांबला होता," त्या म्हणाल्या. "बहुतेक तुमचाच."

उरलेल्या दिवसांत स्वयंपाकघराचं दार बंद असायचं आणि आतून बोलण्याचा आवाज यायचा. करीमच्या कानाला यंत्र लागलं. आता ऐकू येतंय म्हटल्यावर दोघा पुरुषांना वही वापरता येईना आणि बोलायला काही सुचेना. यंत्रातून करीमला पहिलं काही ऐकू आलं असेल तर ते आत चाललेलं हसणं. त्या काय हसतायत, असं त्याने रंगनाथरावांना विचारलं. रंगनाथराव उठून दारापर्यंत गेले, थोडं उभे राहिले आणि परत आले. निरोप घेताना अख्तरबानूने सुशीलाबाईंचे हात धरून ठेवले, आणि फलाटावर बाजूला उभे असलेले नवरे एकमेकांना काय सांगावं हे न कळून गाडीचं वेळापत्रक वाचत राहिले.

पुढे घरात मोबाइल आला. दर बुधवारी दुपारी अख्तरबानूचा फोन यायचा, नाहीतर सुशीलाबाई करायच्या. त्या खडकीला मुद्दाम महिन्यातून एकदा जाऊन येत आणि काय पाडलं, काय बांधलं ते तिला सांगत. रंगनाथरावांचं करीमला लिहिणं चालूच होतं. फरक एवढाच की बुधवारी ते दुपारचं झोपेनासे झाले. फोन चालू असताना ते काही ना काही शोधायला खोलीत यायचे. चष्मा, मासिक, कात्री. फोन संपला की विचारायचे, काय म्हणत होती. सुशीलाबाई म्हणायच्या, काही नाही, बायकांचं. एकदा रविवारी करीमला लिहायला बसले असताना त्यांनी मान वर करून विचारलं, तुझं काही लिहू का यात. सुशीलाबाईंनी सांगितलं, नको, माझं मी सांगितलंय. रंगनाथरावांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते सुशीलाबाई फार जवळून ओळखत होत्या. त्यांना दया आली, पण थोडीच.

पावसाळ्यातल्या एका बुधवारी अख्तरबानू फार खुशीत होती. शेजारी नवं कुटुंब आलंय, तिथली राधा म्हणून बाई आहे, नागपूरकडची, फार गोड आहे, असं ती सांगत होती. रोज संध्याकाळी दोघी समुद्रावर फिरायला जातात. काल तर इतक्या गप्पा मारल्या की अंधार पडला तरी कळलं नाही. भाभी, तिला मी सगळं सांगते.

सुशीलाबाईंनी फोन या कानावरून त्या कानाला घेतला. छातीत ओळखीचं काहीतरी हललं.

"असं का," त्या सहज विचारल्यासारखं म्हणाल्या. "वयाने किती आहे ही राधा?"